लिहिता लिहिता पडदा पळतो : विंडोज मॅग्निफायरचे एक जुने दुखणे

अक्षरे मोठी करून संगणकावर काम करणाऱ्या अल्पदृष्टी व्यक्तींकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत वर्षानुवर्षे ऐकू येते. कुणी म्हणतो की पडदा उड्या मारतो, कुणाला वाटते की मजकूरच नाहीसा झाला. माझी एक मावशी शाळेतून निवृत्त झाल्यावर संगणक शिकली. तिने एकदा फोनवर जे सांगितले ते मला सर्वांत नेमके वाटते : "अरे, मी लिहितेय इथे आणि हा मला भलतीकडेच बघायला लावतोय." मी स्वतः बरीच वर्षे मोठ्या अक्षरांवरच काम करतो, त्यामुळे हा अनुभव मला नवा नव्हता. तिच्यासाठी मात्र तो दर आठवड्याला नव्याने उगवत होता. एकदा जमवून दिलेली मांडणी चार दिवस टिकायची आणि पुन्हा फोन यायचा. हे दुखणे परत परत का येते आणि ते मुळातून कसे काढावे, हे येथे विंडोज १० आणि ११ मधल्या मॅग्निफायरपुरते, म्हणजे पडद्याचा भाग मोठा करून दाखवणाऱ्या सोयीपुरते, सविस्तर लिहितो.

आधी पडद्यावर नेमके काय घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या नेहमीच्या पडद्यावर मॅग्निफायर ४०० टक्क्यांवर नेला की तुम्हाला मूळ पडद्याचा फक्त ४८० गुणिले २७० बिंदूंचा तुकडा दिसतो, म्हणजे सोळावा भाग. उरलेले पंधरा भाग कायम नजरेआड असतात, आणि त्यांतला कोणता भाग केव्हा समोर आणायचा हे मॅग्निफायर स्वतःच्या मनाने ठरवत नाही. तो कुणाच्या तरी मागे जातो. माऊसचा बाण, कीबोर्डचा फोकस, म्हणजे टॅब दाबत गेल्यावर ज्या रकान्यावर किंवा बटणावर आपण पोहोचतो ते ठिकाण, लिहिताना लुकलुकणारी उभी रेघ म्हणजे टेक्स्ट कर्सर, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा नॅरेटर सुरू असल्यास त्याचा स्वतंत्र कर्सर, अशा चौघांच्या मागे जाण्याची सोय त्यात आहे. चारही पर्याय एकाच वेळी चालू ठेवता येतात. म्हणजे बैल एक आणि कासरे चार. तुम्ही वाक्याच्या मध्यावर असताना तळहाताचा धक्का लागून बाण तिळभर हलला, की चौकट, म्हणजे समोर दिसणारा तो तुकडा, बाणाकडे जाते. पुढचे अक्षर दाबताच ती कर्सरकडे परत येते. डोळ्यांना हे उडी मारल्यासारखेच दिसते.

म्हणून पहिली पायरी दुरुस्तीची नाही, ओळख पटवण्याची आहे. नोटपॅड उघडा, माऊस कीबोर्डपासून दूर सरकवा, लॅपटॉप असेल तर त्याचा टचपॅड काही वेळ बंद करा, आणि मनात येईल ते दहा ओळी लिहा. चौकट शांतपणे कर्सरच्या मागे गेली, तर मॅग्निफायर निर्दोष आहे आणि दोष बाणाचा किंवा तुमच्या नेहमीच्या प्रोग्रॅमचा आहे. आता टचपॅड पुन्हा चालू करून त्याच दहा ओळी लिहा. या वेळी चौकट पळाली, तर चोर सापडला. दोन्ही वेळा ती शांत राहिली आणि तुमच्या कामाच्या प्रोग्रॅममध्येच पळाली, तर उपाय वेगळा आहे आणि तो पुढे येईल. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. ती न करता सगळे पर्याय उलटसुलट बदलत बसल्यामुळेच तक्रार पुन्हा उगवते, कारण बरे कशाने वाटले हेच कळलेले नसते.

मांडणीचे, म्हणजे सेटिंग्जचे, पान उघडण्यासाठी विंडोज कळ धरून यू दाबावे आणि ॲक्सेसिबिलिटीच्या (विंडोज १० मध्ये ईझ ऑफ ॲक्सेसच्या) यादीतून मॅग्निफायर निवडावा. विंडोज १० मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एम या तीन कळा एकत्र दाबल्या की थेट तेच पान येते. तेथे मॅग्निफायरने कुणाच्या मागे जावे याचे ते चौघे ओळीने दिसतील. ज्यांचे मुख्य काम लिहिण्याचे आहे त्यांनी आधी फक्त टेक्स्ट कर्सरची खूण ठेवून बाकीच्या काढाव्यात, एक दिवस तसेच काम करावे, आणि दुसऱ्या दिवशी कीबोर्ड फोकसची खूण परत द्यावी, कारण तिच्यावाचून अर्ज भरताना टॅबने पुढच्या रकान्यात गेलात तरी चौकट मागेच राहते. बाणाची खूण सर्वांत शेवटी, आणि तीही गरज असेल तरच द्यावी. बाणाची खूण काढल्यावर माऊसने काम करताना चौकट हलत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांच्या चार कळांनी चौकट हाताने सरकवता येते. मावशीला ही सवय लागायला दोन आठवडे लागले. नंतर तिने माऊस जवळजवळ सोडूनच दिला.

माऊस सोडायचा नसेल, तर टचपॅडचा बंदोबस्त करावा लागतो. लॅपटॉपला माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू राहावा अशी खूण टचपॅडच्या मांडणीत असते. ती काढून ठेवावी, म्हणजे माऊस जोडताच टचपॅड आपोआप बंद होतो. माऊस जोडायचा नसल्यास त्याच पानावर टचपॅडची संवेदनशीलता सर्वांत कमी पातळीवर आणावी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी झालेला स्पर्श तो मनावर घेत नाही. अल्पदृष्टी माणूस पडद्याच्या अगदी जवळ वाकून लिहितो, त्यामुळे त्याचे मनगट टेबलावर न राहता लॅपटॉपवरच टेकते, आणि म्हणूनच धडधाकट नजरेच्या मदतनिसाला त्याच यंत्रावर ही अडचण कधी दिसत नाही. तो ताठ बसून दोन ओळी लिहून बघतो आणि सांगतो की सगळे व्यवस्थित आहे.

मदतनिसाचा आणखी एक गैरसमज इथेच सांगून टाकतो. पूर्ण पडदा मोठा केलेल्या अवस्थेत स्क्रीनशॉट घेतला, तर त्यात मोठे केलेले दृश्य येत नाही, मूळ पडदाच येतो. मोठे करण्याचे काम चित्र पडद्यावर उमटण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर होते आणि स्क्रीनशॉट त्याच्या आधीचे चित्र उचलतो. त्यामुळे तुम्ही तक्रारीसोबत पाठवलेल्या चित्रात समोरच्याला काहीच वावगे दिसत नाही आणि तुम्ही उगाच खोटे पडता. अशा वेळी फोनने पडद्याचा छोटा व्हिडिओ काढून पाठवावा, आणि त्यात कीबोर्डवरचे हातही दिसू द्यावेत.

टेक्स्ट कर्सरच्या मागे जाण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि इथे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. कर्सर पडद्याच्या मध्यभागी ठेवायचा, किंवा तो कडेला पोहोचला तरच चौकट हलवायची, असे दोन पर्याय मिळतात. मध्यभागाचा पर्याय निवडला की प्रत्येक अक्षराबरोबर सगळा मजकूर डावीकडे सरकतो, आणि ज्यांच्या नजरेचा मधला भाग अधू आहे त्यांना त्याने पाच मिनिटांत गरगरायला लागते. उलट ज्यांच्या नजरेचा घेर आक्रसलेला आहे, नळीतून पाहिल्यासारखे ज्यांना दिसते, त्यांना मध्यभागच सोयीचा, कारण कर्सर कुठे आहे हे शोधण्यासाठी पडदा धुंडाळावा लागत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अल्पदृष्टीची व्याख्या या दोन्ही अंगांनी केलेली आहे : चांगल्या डोळ्याची, चष्म्यानिशी, ६/१८ पासून खाली ३/६० पर्यंतची दृष्टी, किंवा ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंतचा दृष्टिघेर. दोन्ही माणसांना प्रमाणपत्र एकाच प्रकारात मिळते, पण मॅग्निफायरची मांडणी मात्र जवळजवळ उलटी लागते. घेर लहान असलेल्याने टक्केवारी वाढवत नेली, तर त्याच्या नळीत एका शब्दाऐवजी एकच अक्षर उरते. त्याला बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांपेक्षा ठळक रंगभेद आणि जाड कर्सर अधिक कामी येतो. कर्सर जाड करण्याची आणि त्याच्या दोन्ही टोकांना रंगीत ठिपके लावण्याची सोय ॲक्सेसिबिलिटीतल्या टेक्स्ट कर्सरच्या पानावर आहे.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी या पर्यायाचा आणखी एक पैलू आहे. फोनेटिक कीबोर्डवर रोमन अक्षरांत शब्द लिहू लागलो की कर्सरच्या खाली सुचवलेल्या शब्दांची यादी उघडते. कर्सर चौकटीच्या तळाला असेल, तर ती यादी चौकटीबाहेर उघडते आणि आपण न पाहताच पहिला शब्द स्वीकारत जातो. मग 'दिन' की 'दीन' हे वाचणाऱ्याला कळते, लिहिणाऱ्याला नाही. कर्सर मध्यभागी ठेवल्यास यादीला खाली जागा मिळते. मात्र माझा स्वतःचा कल इन्स्क्रिप्ट कीबोर्डकडे आहे. तेथे यादीच नसते, ज्या कळेवर जे अक्षर आहे तेच उमटते, आणि बोटांना एकदा वळण पडले की पडद्याकडे पाहण्याची गरजच निम्मी होते. शिकण्याचा पहिला महिना त्रासाचा जातो हे खरे.

आता नोटपॅडमध्ये शांत असलेली चौकट कामाच्या प्रोग्रॅममध्ये पळते किंवा जागची हलतच नाही, त्या प्रकरणाकडे येऊ. मॅग्निफायरला कर्सर दिसत नसतो. प्रोग्रॅम त्याला विंडोजमार्फत कळवतो की कर्सर अमुक ठिकाणी आहे, आणि त्या निरोपावर तो चालतो. काही प्रोग्रॅम आपली लुकलुकणारी रेघ स्वतःच रंगवतात आणि हा निरोप पाठवतच नाहीत. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर आणि काही कार्यालयांसाठी खास बनवून घेतलेले प्रोग्रॅम यात बहुधा सापडतात. तुम्हाला रेघ दिसते, मॅग्निफायरच्या दृष्टीने मात्र ती चित्रातली एक काळी रेष असते. गूगल डॉक्समध्येही पान चित्रासारखे रंगवले जाते, पण तेथे उपाय दिलेला आहे : टूल्सच्या यादीत ॲक्सेसिबिलिटी उघडून स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करावा आणि त्याच ठिकाणी असलेली स्क्रीन मॅग्निफायर सपोर्टची खूणही द्यावी. ही दुसरी खूण राहून जाते आणि लोक महिनोन्‌महिने डॉक्सला बोल लावत बसतात.

दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांचे दुखणे याच जातीचे आहे. आपल्या यंत्राच्या लेखी दूरचा सगळा पडदा हे एक हलते चित्र असते, त्यामुळे आपल्याकडचा मॅग्निफायर तेथील कर्सरच्या मागे जाईल ही अपेक्षा धरता येत नाही. मॅग्निफायर दूरच्या संगणकावर सुरू करावा लागतो. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप जोडण्याआधी त्याच्या पर्यायांत लोकल रिसोर्सेसच्या पानावर विंडोज कळांचे आदेश दूरच्या संगणकाला जावेत अशी निवड करावी, नाहीतर विंडोज आणि अधिक (+) ही जोडी आपल्याच यंत्रावरचा मॅग्निफायर उठवते. दोन्हीकडे दोन मॅग्निफायर सुरू होऊन बसले की काय होते ते अनुभवू नये हेच बरे. हाच नियम झूमटेक्स्ट वापरणाऱ्यांनाही लागू आहे. १९८८ पासून चालत आलेले ते स्वतंत्र आणि विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर आहे आणि कर्सरच्या मागे जाण्याचे त्याचे स्वतःचे पर्याय आहेत. ते चालू असताना विंडोजचा मॅग्निफायर बंदच हवा. चुकून सुरू झाल्यास विंडोज आणि एस्केप दाबावे.

इतके करूनही चौकट पळणे पूर्ण थांबत नाही, कारण मुळात चौकट फार लहान झालेली असते. माझ्या मते खरे औषध इथे आहे. मॅग्निफायर तयार चित्राचे बिंदू ताणून मोठे करतो. त्यामुळे अक्षरे मोठी होतात तशी मऊ आणि धुरकट होतात, ती नीट न दिसल्याने आपण टक्केवारी आणखी वाढवतो, आणि वाढवलेल्या प्रत्येक टक्क्याबरोबर चौकट आणखी लहान होऊन जास्त पळते. देवनागरीत हा फेरा लवकर सुरू होतो. रोमन लिपीत कडा थोड्या विरल्या तरी शब्दाचा आकार टिकतो, पण आपल्याकडे 'घ' आणि 'ध' यांच्यात, 'भ' आणि 'म' यांच्यात, 'ष' आणि 'प' यांच्यात असतो तो फरक एका गाठीचा किंवा तिरप्या रेघेचा. अनुस्वार तर एक ठिपकाच. तो धुरकटला की 'रंग' आणि 'रग' सारखेच दिसतात. मॅग्निफायरच्या मांडणीत चित्रांच्या आणि अक्षरांच्या कडा मऊ करण्याची एक खूण असते. ती काढल्यावर अक्षरे पायऱ्यापायऱ्यांची दिसतात पण ठिपके वेगळे उभे राहतात. मला मराठीसाठी ती काढलेलीच बरी वाटते. दोन्ही प्रकारे एक परिच्छेद वाचून ज्याचे त्याने ठरवावे.

याउलट विंडोजच्या मांडणीत अक्षरांचा आकार वाढवला, किंवा डिस्प्लेच्या पानावर स्केल वाढवले, की फाँटच्या रेषा त्या आकारात नव्याने काढल्या जातात आणि कडा धारदार राहतात. अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी अक्षरे मोठी, मग प्रोग्रॅममधला झूम, आणि त्यातून जे भागत नाही तेवढ्यापुरताच मॅग्निफायर. वर्डमध्ये व्ह्यूच्या पट्टीतील वेब लेआउट निवडला, तर झूम कितीही वाढवला तरी ओळ खिडकीच्या रुंदीतच मोडते. मावशीच्या संगणकावर २४० टक्के झूम आणि वेब लेआउट एवढेच केले आणि लिहिताना तिला मॅग्निफायर लागेनासा झाला. मेनू वाचायचा असेल तेव्हा ती विंडोज आणि अधिक दाबते, वाचून झाले की विंडोज आणि एस्केपने बंद करते. ब्राउझरमध्येही कंट्रोल आणि अधिक दाबत गेल्यास चांगल्या बनवलेल्या संकेतस्थळांची मांडणी फोनवरच्यासारखी एका स्तंभात येते, आणि रकान्याचे नाव त्याच्या डावीकडे दूर न राहता डोक्यावर येऊन बसते. संकेतस्थळांसाठीच्या सुगम्यता मानकांच्या २०१८ च्या आवृत्तीत ही अपेक्षा स्पष्ट घातलेली आहे. सगळी संकेतस्थळे ती पाळत नाहीत, आणि ज्यांच्यावर ४०० टक्क्यांना अर्ज भरताना सूचना वर उजव्या कोपऱ्यात झळकून विरून जातात त्यांच्यासाठी मॅग्निफायरचे डॉक्ड दृश्य वापरावे, ज्यात वर मोठा केलेला पट्टा आणि खाली संपूर्ण पडदा राहतो. कंट्रोल, ऑल्ट आणि डी ही त्याची कळ, आणि कंट्रोल, ऑल्ट, एफ दाबून पूर्ण पडद्यावर परत येता येते.

एक जुनी सवय मात्र मोडली पाहिजे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे रिझोल्यूशन ८०० गुणिले ६०० वर आणून ठेवण्याची युक्ती जुन्या, काचेच्या फुगीर मॉनिटरवर चालत असे. आजच्या सपाट पडद्याला बिंदूंची ठरलेली संख्या असते, आणि त्याहून कमी रिझोल्यूशन दिले की तो स्वतःच चित्र ताणून धुरकट करतो. त्यावर मॅग्निफायर लावणे म्हणजे आधीच धुरकट चित्र आणखी ताणणे. मावशीकडे कुणीतरी नेमके हेच करून ठेवले होते, आणि दर वेळी मी मांडणी नीट केली की ते गृहस्थ येऊन पुन्हा 'मोठे' करून जात होते. दर आठवड्याच्या फोनचे एक कारण हेही निघाले. रिझोल्यूशन नेहमी यादीत शिफारस केलेले म्हणून दाखवतात तेच ठेवावे.

दुसरे कारण शोधायला जास्त वेळ लागला, आणि त्याची गोष्ट थोडी मजेची आहे. चौकट हाताने सरकवण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण दाबायचा असे मी तिला शिकवले होते. एके दुपारी फोन आला : "अरे, सगळंच उलटं झालंय. शेजारच्यांनी मॉनिटर धरून फिरवून बघितला." ग्राफिक्सच्या काही जुन्या ड्रायव्हरमध्ये याच तीन कळांना पडदा उलटा करण्याचे काम दिलेले असते. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की पडदा सुलटा होतो. पण ड्रायव्हरच्या स्वतःच्या मांडणीत जाऊन त्या कळांचे आदेश बंद केले नाहीत, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होते. आम्ही ते बंद केले.

मॅग्निफायर प्रत्येक वेळी नव्याने सुरू करावा लागतो ही तक्रारही अधूनमधून येते. मांडणीच्या पानावर तो साइन-इनच्या आधी आणि साइन-इननंतर सुरू व्हावा अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. पासवर्ड लिहितानाच अडत असेल तर पहिलीही द्यावी. ग्रंथालयात किंवा कार्यालयात अनेकांनी वापरायचे संगणक बंद होताच मूळ अवस्थेत परत जातात आणि तेथे कोणतीच मांडणी टिकत नाही. अशा ठिकाणी विंडोज आणि अधिक ही जोडी तरी कोणत्याही परवानगीशिवाय चालते. झूमची पायरी मूळची १०० टक्क्यांची असल्याने तेथे एका दाबात पडदा दुप्पट होतो. कंट्रोल आणि ऑल्ट धरून माऊसचे चाक फिरवले तरी झूम कमीजास्त करता येतो. स्वतःच्या यंत्रावर पायरी २५ वर आणून ठेवावी. सध्या मावशीच्या संगणकावर पायरी २५, टेक्स्ट कर्सर आणि कीबोर्ड फोकस यांच्या खुणा चालू, बाणाची बंद, कर्सर कडेच्या आत, रिझोल्यूशन पूर्ण आणि टचपॅड माऊस जोडताच बंद, अशी मांडणी आहे. तिने ती एका कागदावर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'मोठे' करून गेले तर फोन न करता तिला तपासता येईल.